आमच्या घरातला भाडेकरू

दिवाळी अंकात घरपट्टीवर लेख लिहिणे म्हणजे फराळाच्या ताटात कारल्याची भाजी वाढण्यासारखे आहे, हे मला ठाऊक आहे. चकली मोडता मोडता माणसाने एखादी गोष्ट वाचावी, भविष्य पाहावे, व्यंगचित्रावर हसावे; त्याने करपात्र मूल्याशी झोंबी का घ्यावी? पण माझाही इलाज नाही. दिवाळीची आवराआवर निघाली की कपाटाच्या वरच्या खणातली पावत्यांची फाइल खाली येते, आणि गेली काही वर्षे ती एकट्या माझ्याच घरी खाली येत नाही. आमच्या वसाहतीतले निम्मे लोक आपापली फाइल काखोटीला मारून माझ्याकडे येतात. मी सारी नोकरी हिशेबाच्या टेबलावर काढली, एवढाच माझा गुन्हा.

आमची वसाहत पुण्याच्या कडेला, सिटी बस जिथे शेवटचा वळसा घेते तिथे आहे. ती साठीच्या पुढच्या माणसांसाठी मुद्दाम बांधलेली. न्हाणीघरात धरायला दांडे आहेत, उंबरठे नाहीत, लिफ्टमध्ये माणूस आडवा घालून नेता येतो (या सोयीचा उल्लेख जाहिरातीत फार मोघम केलेला असतो), भोजनगृहात मीठ कमी आणि गप्पा जास्त. इथे आलेल्या बहुतेकांनी गावचे घर किंवा शहरातली जुनी खोली विकून, त्यात प्रॉव्हिडंट फंडाची भर घालून ही दोन खोल्यांची जागा घेतली आहे. म्हणजे आयुष्याची सारी पुंजी विटांत गेली आणि हातात उरले ते निवृत्तिवेतन. ज्यांना ते नाही त्यांच्या हातात ठेवीवरचे व्याज. हे मी आधीच सांगतो आहे, कारण पुढचा सगळा तंटा याच्यावर आहे.

परवा आमच्या मजल्यावरच्या बाई बिल घेऊन आल्या. बाई म्हणजे कोकणातल्या एका हायस्कुलाच्या निवृत्त मुख्याध्यापिका. वय ऐंशीला एक कमी. त्यांच्यापुढे मी अजूनही खुर्चीत सरळ बसतो. त्यांनी चष्मा पुसला, बिल टेबलावर ठेवले आणि बोट टेकवून विचारले,

“ही वार्षिक करपात्र रक्कम म्हणजे काय?”

“घराचे वर्षाचे भाडे, त्यातून दुरुस्तीपोटी थोडी वजावट केलेले.”

“पण मी घर भाड्याने दिलेलेच नाही. मी राहते त्यात.”

“हो. पण दिले असते तर जे आले असते, ते धरतात.”

“कोणी दिले असते?”

“असा कोणी नाही, बाई. कायदा तो कल्पितो.”

बाई क्षणभर गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “म्हणजे मी या घरातून निघून गेले तर जे मिळेल, त्याच्यावर मी इथे राहते म्हणून कर द्यायचा?”

करव्यवस्थेवरची पुस्तके मी कमी वाचलेली नाहीत. पण या एका वाक्याचे समाधानकारक उत्तर मला त्यांत कुठे सापडल्याचे आठवत नाही.

हा कल्पित भाडेकरू आपला नव्हे. तो विलायतेहून आला आहे. तिकडे गावोगावच्या गरिबांच्या पोषणासाठी घरांवर पट्टी बसे, आणि ती कशावर मोजायची याचा घोळ १८३६ सालच्या एका कायद्याने मिटवला. ही मिळकत वर्षावर्षाच्या बोलीने भाड्याने दिली तर तिचे जे भाडे वाजवीपणे येईल असे वाटते, ते तिचे मूल्य. त्या काळात ही कल्पना सोयीची होती. घरे बहुतेक भाड्याचीच, खरेदीविक्री क्वचित; तेव्हा भाड्याखेरीज दुसरे माप हाताशी नव्हते. आमच्या राज्यकर्त्यांनी ते माप इकडे आणले, आणि १९४९ सालच्या महानगरपालिका अधिनियमाच्या कर-नियमांत ते आजही जवळजवळ त्याच शब्दांत बसलेले आहे: वाजवीपणे अपेक्षित वार्षिक भाडे, वजा दहा टक्के. ही दहा टक्के वजावट दुरुस्ती आणि इतर सगळ्या सबबींपोटी एकदाच. छत गळो, भिंत खचो, नियमाला देणेघेणे नाही.

मौज अशी की, ज्या देशाने हा भाडेकरू जन्माला घातला त्या देशाने त्याला राहत्या घरांतून कधीच निरोप दिला आहे. इंग्लंडने १९९० साली घरांवरची ही जुनी पट्टी बंद केली. तिच्या जागी त्यांनी माणशी कर बसवून पाहिला, त्यावर लंडनमध्ये दंगल उसळली, आणि १९९३ पासून ते घराच्या किमतीच्या पायऱ्या पाडून कर घेतात. ही पद्धतही निर्दोष आहे असे नव्हे. पण तीत एक कलम आहे ते आमच्या बाईंना मी मुद्दाम सांगितले: घरात एकच प्रौढ माणूस राहत असेल तर करात चौथाई सूट. म्हणजे घरात कोण राहते, किती राहतात, हे करआकारणीला पाहता येते. पाहायचे ठरवले तर.

आता हिशेब पाहू, थोडाच आहे. समजा, बाईंच्या दोन खोल्यांचे भाडे महिना २,००० रुपये धरले. (बाजारभाव अर्थातच जास्त आहे; महापालिकेचे दर त्यामानाने सौम्य असतात, हे कबूल केले पाहिजे.) वर्षाचे झाले २४,०००. दहा टक्के वजा जाता २१,६००. घरात मालक स्वतः राहतो म्हणून पुण्यात जी ४० टक्के सवलत मिळते ती लावली की उरले १२,९६०. या रकमेवर मग निरनिराळे कर बसतात: सर्वसाधारण कर, सफाई कर, अग्निशमन कर, वृक्ष कर, पथकर, पाण्याचा, सांडपाण्याचा, शिक्षणाचा. बिलावरची ही यादी वाचताना मला नेहमी सत्यनारायणाच्या पूजेच्या सामानाची यादी आठवते. एकेक जिन्नस क्षुल्लक, बेरीज मात्र भरभक्कम.

वाचकांनी एका गोष्टीकडे लक्ष द्यावे. सवलत ४० टक्के आहे, म्हणून ती गेली तर कर ४० टक्क्यांनी वाढेल, असे आमच्या वसाहतीत सर्वांना वाटत असे. तसे नाही. १२,९६० चे २१,६०० होतात. करांचे दर तेच धरले तरी बिल दोन तृतीयांशाने वाढते. सहा हजारांचे दहा हजार. हे एकदा फळ्यावर लिहून दाखवले तेव्हा भोजनगृहात काही वेळ फक्त पंख्याचा आवाज येत होता.

आणि ही सवलत एकदा खरोखरच गेली होती. पुणे महापालिकेने ती १९७० साली ठराव करून दिली. स्वतःच्या घरात राहणारा माणूस हा घर भाड्याने देऊन कमावणाऱ्यासारखा नाही, इतकी साधी गोष्ट त्या ठरावाने मान्य केली होती. जवळजवळ पन्नास वर्षे ती चालली. मग लेखापरीक्षणात आक्षेप निघाला की, कायद्यात अशा सवलतीची तरतूदच नाही. आणि २०१९ साली राज्य सरकारने तो ठराव मोडीत काढला. ज्यांच्या घरांची त्यानंतर नव्याने आकारणी झाली त्यांना पूर्ण बिले आली. ज्यांच्याबद्दल तपासणीत ‘येथे मालक राहत नाही’ असा शेरा पडला त्यांनाही आली. ओरड झाली, मोर्चे निघाले, आणि २०२३ साली सवलत परत मिळाली.

हे ऐकून कोणी म्हणेल, मग आता तक्रार कशाची? तक्रार तिच्या परत येण्याच्या रीतीची आहे. सवलत गमावलेल्या आणि नव्याने आकारणी झालेल्या मालकांनी पीटी-३ नावाचा अर्ज भरावा, २५ रुपये द्यावेत, मतदार ओळखपत्र, गॅसचे कार्ड, शिधापत्रिका अशा पुराव्यांच्या प्रती जोडाव्यात, संस्थेचा दाखला जोडावा, आणि हे मुदतीत करावे. त्या मुदतीत जो म्हातारा मुलाकडे न्यू जर्सीत नातू सांभाळत होता, जी म्हातारी खुब्याचे हाड मोडून पडली होती, ज्याला ‘ऑनलाइन’ या शब्दापुढे घाम फुटतो, त्यांनी काय करावे? कायद्याचा न्याय इथे उलटा झाला आहे. घर भाड्याने दिले आहे हे महापालिकेने दाखवायचे की, मी माझ्या घरात राहतो हे मी सिद्ध करायचे? माझ्या स्वयंपाकघरात माझा कुकर शिट्ट्या देतो आहे, एवढे पुरेसे नाही काय? कल्पित भाडेकरूला कोणी आधारकार्ड मागितलेले नाही. पुरावा द्यायचा तो खऱ्या रहिवाशाने!

दरम्यानच्या काळात ज्यांनी जादा भरले, त्यांचे पैसे पुढच्या बिलांतून वळते करण्याचे ठरले. तिशीतल्या माणसाला हे ठीक. ऐंशीच्या माणसाला ‘तुमचे पैसे पुढच्या वर्षांत वळते करू’ असे सांगणे यात जो विनोद आहे, तो बहुधा ज्याने आदेश काढला त्याच्या ध्यानात आला नसावा.

आता आयकराकडे पाहा. आयकर खाते काही दयाळूपणाबद्दल प्रसिद्ध नाही. पण त्या खात्याच्या कायद्यानेसुद्धा, माणूस ज्या घरात स्वतः राहतो त्याचे वार्षिक मूल्य शून्य धरले आहे. अलीकडे तर अशा दोन घरांपर्यंत. म्हणजे एकाच देशात, एकाच घराकडे पाहून, दिल्ली म्हणते की, या घरातून तुला कवडीचे भाडे नाही, आणि महापालिका म्हणते की, आहे, आणि ते इतके आहे. दोघीही सरकारेच. यांपैकी एकीचे डोळे तपासले पाहिजेत.

मुंबईकरांनी हे वाचून हसू नये. मुंबईने २०१० पासून भाडेकरूला घराबाहेर काढले हे खरे; पण त्याच्या जागी गिऱ्हाईक आणून बसवले. तिथे कर घराच्या भांडवली मूल्यावर, म्हणजे ते विकले तर काय येईल यावर बसतो, आणि ते मूल्य रेडी रेकनरच्या दरांवरून काढतात. शेजारी मेट्रोचे स्थानक झाले की दादरच्या जुन्या खोलीतली आजी कागदावर श्रीमंत होते. तिच्या डब्यातले तांदूळ मात्र तितकेच राहतात. २०२२ पासून मुंबईत ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना कर माफ झाला, हे चांगले झाले. परंतु ही माफी फुटपट्टीने दिलेली आहे. ५०० च्या वर थोडी जागा गेली की माफी संपली, मग आत निवृत्त कारकून राहो की व्यापारी. आणि ५०० च्या आत असले की माफ, मग मालकाची अशी आणखी चार घरे असोत. घराची लांबी-रुंदी मोजणे सोपे असते. घरातल्या माणसाची ऐपत मोजायची तर जरा कष्ट पडतात.

ज्येष्ठांच्या वसाहतीचे म्हणून आणखी काही वेगळे दुखणे आहे. साध्या वस्तीत रस्ता महापालिकेचा, दिवा महापालिकेचा, कचऱ्याची गाडी महापालिकेची. आमच्या फाटकाच्या आतला रस्ता आमचा, दिवे आमचे, गटार आमचे, झाडे आमची. उन्हाळ्यात पाण्याचे टँकर आमचे. २०१६ सालच्या घनकचरा नियमांनी ५,००० चौरस मीटरांहून मोठ्या बंदिस्त वसाहतींवर ओला कचरा शक्य तेथे आवारातच जिरवण्याची जबाबदारी टाकली. तेव्हापासून खताचा खड्डाही आमचा, आणि त्याचा वासही. या सगळ्याचा खर्च आम्ही दरमहा देखभालीपोटी देतो. संस्थेची उलाढाल वर्षाला २० लाखांवर आणि माणशी देखभालखर्च महिना ७,५०० रुपयांवर गेला की त्यावर १८ टक्के जीएसटी. इथे परिचारिका, पहारेकरी, स्वयंपाकी असे सगळे असल्यामुळे तो आकडा सहज ओलांडला जातो. तात्पर्य, महापालिकेने करायचे काम आम्ही पैसे टाकून करतो, ते केल्याबद्दल केंद्राला आणि राज्याला कर देतो, आणि ते काम महापालिकेने केले असे समजून तिलाही कर देतो. खतप्रकल्प, सौरऊर्जा, पावसाचे पाणी साठवणे यांबद्दल पुण्यात करात थोडी सूट मिळते हे मी लपवत नाही. पण ती शाबासकी आहे, हिशेब नव्हे.

इथे एक व्यवहाराची गोष्ट सांगून टाकतो, कारण हा लेख वाचणाऱ्या पुष्कळ घरांत आईवडिलांसाठी अशी जागा पाहण्याचे बेत दिवाळीतच ठरतात. जागा घेताना करार वाचा. काही वसाहतींत घर विकत मिळते. तिथे कराचा धनी तुम्ही. काही ठिकाणी मोठी अनामत देऊन केवळ राहण्याचा हक्क मिळतो. तिथे कर देण्याची पहिली जबाबदारी कायद्याने मालकाची असते, पण करारातले एखादे बारीक अक्षरांतले कलम ती तुमच्या माथी मारू शकते. भोजनगृह, दवाखाना, पाहुण्यांच्या खोल्या यांची आकारणी निवासी दराने आहे की व्यापारी, हेही विचारा; तो बोजा शेवटी मासिक खर्चातूनच येतो. आणि सर्वांत महत्त्वाचे: घर कोणाच्या नावावर घेता? अमेरिकेतला मुलगा प्रेमाने पैसे पाठवतो आणि घर स्वतःच्या नावावर घेतो. मग स्वतः राहण्याची सवलत मागायची वेळ आली की मालक कॅलिफोर्नियात आणि आई इथे. ‘मालक येथे राहत नाही’ हा शेरा त्या कागदावर खोटाही नसतो. आईच्या नावाने घर असते तर हा प्रश्नच उद्‌भवला नसता. पिंपरी-चिंचवडमध्ये तर केवळ स्त्रीच्या नावावरच्या राहत्या घराला सर्वसाधारण करात सवलत ठेवली आहे. ज्या मुलांना ‘आईचे नाव लावले तर पुढे वारसाची कटकट’ अशी काळजी असते, त्यांच्याशी मला काही बोलायचे नाही. बोललो तर संपादकांना ते छापता येणार नाही.

आता दुसऱ्या बाजूचे बोलणे. शहर चालवायला पैसा लागतो. एके काळी महापालिकांच्या तिजोरीत जकात येत असे; ती गेली, स्थानिक संस्था कर आला नि तोही गेला, २०१७ साली जीएसटीने उरलेसुरले गिळले. स्वतःच्या हातातली म्हणावी अशी घरपट्टी हीच एक मोठी बाब महापालिकेपाशी उरली. तेव्हा ‘म्हाताऱ्यांना कर माफ करा’ अशी जी मागणी प्रत्येक निवडणुकीपूर्वी होते, तिच्याशी मी सहमत नाही. आमच्या वसाहतीत दोन मोटारी असलेले म्हातारेही आहेत. केवळ केस पांढरे झाले म्हणून त्यांची पट्टी गवंड्याच्या आणि भाजीवालीच्या माथ्यावर का ढकलायची?

आमच्यातल्या काहींचे तर आणखी पुढचे म्हणणे असते. एक निवृत्त अभियंता आहेत. ते बिलातल्या शिक्षण करावर दरवर्षी लाल शाईने प्रश्नचिन्ह काढतात. “इथे शाळेत जाणारे एकही मूल नाही. आमची मुले शिकून परदेशी गेली. आम्ही शाळेचा कर का द्यावा?”

अभियंतासाहेबांना मी अ‍ॅरिझोनातल्या सन सिटीची गोष्ट सांगितली. त्यांची मुलगी त्याच राज्यात असते, म्हणून त्यांनी ती निदान ऐकून घेतली. १९६० सालच्या पहिल्या दिवशी ही वस्ती सुरू झाली. निवृत्त माणसांची गावे वसवण्याचा जो उद्योग पुढे जगभर फैलावला, त्याचे हे गाजलेले उदाहरण. सुरेख घरे, गोल्फची मैदाने, मुलेबाळे नाहीत. भोवतालच्या गावांत मात्र मुले वाढत होती आणि शाळा अपुऱ्या पडत होत्या. तिकडे शाळा बांधायला कर्जरोखे काढायचे तर मतदान घ्यावे लागते, आणि त्याची परतफेड घरांवरच्या करातून होते. सन सिटीच्या आजीआजोबांनी हे ठराव एकामागून एक पाडले. अखेर १९७०च्या दशकात त्या शाळा-जिल्ह्याने कंटाळून ही वस्तीच आपल्या हद्दीतून वगळली. म्हाताऱ्यांचा कर वाचला. शाळांना मुकाट्याने शाळा बांधता येऊ लागल्या. दोन्ही पक्ष सुखी झाले म्हणतात.

मला ते सुख वाटत नाही. ज्या गावाला आपल्या शेजारच्या पोरांची शाळा नकोशी होते, त्या गावात उंबरठे काढून टाकले काय नि ठेवले काय! बाईंनी अभियंतासाहेबांना याहून थोडक्यात सांगितले. “माझा चौतीस वर्षांचा पगार लोकांच्या पट्टीतून आला,” त्या म्हणाल्या. “त्यांतले कितीतरी निपुत्रिक असतील. कोणी शाळेत येऊन परत मागितला नाही.” अभियंतासाहेबांनी त्यानंतर प्रश्नचिन्ह काढणे सोडले की नाही मला माहीत नाही, लाल पेन मात्र ते भोजनगृहात आणत नाहीत.

तेव्हा माझे भांडण कराशी नाही, कर मोजण्याशी आणि मागण्याशी आहे. माफी नको, दया तर नकोच. सवलतीच्या नावाने जे दिले जाते ते हक्क म्हणून कायद्यातच लिहा, म्हणजे कोण्या लेखापरीक्षकाच्या एका शेऱ्याने ते उडणार नाही. राहते घर हे राहतेच समजा. ते भाड्याने दिले आहे असे ज्याला वाटते त्याने ते दाखवावे. भाडेकरार नोंदवले जातात, त्या नोंदी सरकारपाशीच असतात. एका खात्याने दुसऱ्या खात्याला विचारायला म्हाताऱ्याचा अर्ज कशाला हवा?

आणि ज्याच्यापाशी घर आहे पण रोकड नाही, त्याला कर पुढे ढकलण्याची मुभा द्या. ही माझी डोक्यातली कल्पना नव्हे. अमेरिकेतल्या ऑरेगॉन राज्यात १९६३ पासून कमी उत्पन्नाच्या वृद्ध घरमालकांसाठी अशी योजना आहे. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात ५५ वर्षांच्या पुढच्यांना ती मिळते. कर माफ होत नाही. तो घरावर बोजा म्हणून चढतो, त्यावर व्याजही लागते, आणि घर विकले गेले किंवा वारसाकडे गेले की सरकार आपले पैसे वसूल करून घेते. सरकारचे पैसे बुडत नाहीत, म्हाताऱ्याचे घर जात नाही. आणि बोजा पडतो तो कोणावर? जो शेवटी खरोखर त्या घराचे पैसे हातात घेतो, त्याच्यावर. कल्पित भाड्यावर कर बसवण्यापेक्षा खऱ्या विक्रीतून तो घेणे हे अधिक प्रामाणिक नाही काय? मुलांची थोडी कुरकुर होईल. होऊ द्या.

आपल्याकडे आज काय होते? बिल थकले की महिन्याला दोन टक्के शास्ती. वर्षाचे चोवीस टक्के झाले. बँक म्हाताऱ्याच्या ठेवीवर जे व्याज देते त्याच्या तिपटीहून अधिक महापालिका त्याच्या थकबाकीवर घेते. कारखान्यातून निवृत्त झालेल्यांच्या भविष्यनिर्वाह पेन्शनची किमान रक्कम २०१४ साली महिना १,००० रुपये ठरवली गेली. त्या हजारांतल्या माणसाने नवऱ्याच्या किंवा बायकोच्या आजारपणात दोन वर्षांचे बिल थकवले तर शास्तीच्या वाढत्या आकड्याबरोबर तो किती काळ धावणार? सावकाराला कायद्याने आवर घालणाऱ्या राज्यात हा दर कोणाच्या डोळ्यांत खुपत नाही, याचे मला नवल वाटते.

मी हे सारे बाईंना सांगितले. त्यांनी नेहमीप्रमाणे पूर्ण ऐकून घेतले आणि विचारले, “पीटी-३ मी भरला होता ना?” भरला होता. पावती फाइलमध्ये होती, २५ रुपयांची, नीट पंच केलेली. मग त्यांनी एक कोरा कागद मागितला. आयुक्तांना पत्र लिहायचे म्हणाल्या.

मसुदा त्यांचाच आहे. मी फक्त शिक्का-तारीख पाहिली. त्यात त्यांनी असे लिहिले आहे की, आपल्या कार्यालयाने माझ्या घरात जो भाडेकरू गृहीत धरला आहे, त्याची मी पुष्कळ वर्षे वाट पाहत आहे. अद्याप तो आलेला नाही. येईल तेव्हा त्याने आपले भाडे माझ्याकडे आणून द्यावे, म्हणजे मी त्यातून आपला कर तत्परतेने भरीन. तोवर मी माझ्या निवृत्तिवेतनातून भरते आहे. सोबत धनादेश जोडला आहे. त्यास घर दाखवायचे असल्यास सकाळी दहानंतर पाठवावे, त्याआधी माझी पूजा असते.

धनादेश खराच जोडला आहे. तारीख मुदतीच्या आतली आहे. भाऊबीज झाली की पत्र टपालात पडेल.